मी सांगितलेला नियम

जे आता लिहितो आहे ते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी आजवर कोणाही माणसाजवळ बोललेलो नाही. बायकोला त्यातला काही भाग अलीकडे कळला आहे, पण त्यामागचे कारण कळलेले नाही. ते कोणालाच ठाऊक नाही. देवासमोर तर मी हा विषय मुळीच काढलेला नाही — कारण देवासमोर माणूस सवलत मागतो, आणि मला सवलत नको आहे. तुमच्याजवळ बोलतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या रस्त्यात भेटलात तर नमस्कारही करणार नाही. एवढे अंतर मला सोयीचे आहे.

आधीच स्पष्ट करतो — हा क्षमेचा अर्ज नव्हे. क्षमेचे अर्ज कसे लिहावेत हे ग्वाल्हेरच्या कचेरीबाहेर बसणाऱ्यांपैकी माझ्याइतके कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. कामावर न सांगता गैरहजर राहिलेला शिपाई, परवान्याची मुदत विसरलेला दुकानदार, एकमेकांची डोकी फोडून मग पस्तावलेले भाऊ — या सर्वांच्या वतीने मी वर्षानुवर्षे हात जोडत आलो आहे. ‘प्रार्थी अत्यंत विनम्रतापूर्वक निवेदन करता है’ हे वाक्य माझा हात झोपेतही लिहील. स्वतःसाठी ते लिहिण्याची मला इच्छा नाही. तेव्हा मला माफ करावे की न करावे, या विचारात तुम्ही वेळ घालवू नका. फक्त ऐका.

मी अर्जनवीस आहे. शिक्षण दहावीपर्यंत — म्हणजे दहावीच्या वर्गापर्यंत. परीक्षेला मी बसलो नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले, ते मोहिमांवर जात. मी सकाळी टेबल आणि खुर्ची घेऊन कचेरीच्या भिंतीलगत बसतो. पण कायद्याची भाषा मला येते, आणि ती मला कोणी शिकवलेली नाही. ऐकून, नकलून, चुकून, पुन्हा लिहून ती मी मिळवलेली आहे. आज काळा कोट नुकता शिवलेली पोरे माझ्याकडे मसुदा दाखवायला येतात, ‘चाचा, जरा देख लो’ म्हणतात, आणि मी लाल पेनाने दुरुस्त करून देतो. लोक मला ‘वकीलसाहब’ म्हणतात. मी त्यांना थांबवत नाही. का थांबवावे?

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्ज लिहून झाला, की सही किंवा अंगठ्यापूर्वी तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा. त्या वाचण्याचा एक वेगळा आवाज असतो. तो घरातला आवाज नव्हे. तो खालच्या पट्टीतला, सपाट आवाज असतो आणि त्यात वाचणाऱ्याची स्वतःची इच्छा कुठेही दिसता कामा नये. हा आवाज मी कमावलेला आहे. तो कानी पडला की माणसे आपोआप मान डोलावू लागतात. खेड्यातले म्हातारे तर टेबलापुढे चप्पल काढून उभे राहतात. त्या आवाजात सांगितलेली गोष्ट कोणी दुसरीकडे जाऊन तपासत नाही.

आता मुद्द्यावर येतो. — की अजून नाही? माझ्या बायकोविषयी थोडे सांगावे लागेल.

सुनंदा वाशीमची. विज्ञान घेऊन बारावी झालेली. पुढे शिकायचे होते, पण तिच्या वडिलांनी स्थळ आले तसे लग्न उरकले, आणि ते स्थळ मी होतो. जयेंद्रगंजात माडीवर आमच्या दोन खोल्या आहेत. केतकी झाली, आणि पुढची कित्येक वर्षे सुनंदा घरीच होती. ‘भाभीजी क्या करती हैं?’ असे कोणी विचारले, की मी ‘घर पर रहती हैं’ एवढे उत्तर देत असे, आणि ते देताना मला समाधान वाटे. का वाटू नये? घर चालत होते.

मग केतकी दिवसभराच्या शाळेत जाऊ लागली, आणि दुपारी घरात सुनंदा एकटी राहू लागली. एक दिवस जेवताना ती म्हणाली, ‘मी काहीतरी शिकणार आहे.’ विचारते आहे असे नव्हे, सांगते आहे अशा स्वरात. तिच्यापुढे दोन रस्ते होते — नर्सिंगचा कोर्स, किंवा शिक्षिकेचा. यांतला कोणता घ्यावा हे तिला ठरवता येईना, आणि तिचा स्वभाव असा, की मनात काही घोळू लागले की ते साऱ्या गल्लीला कळते.

तांदूळ निवडताना ती स्वतःशीच वाद घाली. शिक्षिका झाले तर केतकीबरोबर जाणे-येणे, सुट्ट्या सारख्या, उन्हाळ्यात माहेरी जाता येईल. नर्स झाले तर — इथे ती थांबत असे. नर्सिंगच्या बाजूने तिच्याजवळ सोयीचा एकही मुद्दा नव्हता. रात्रपाळी, सणाच्या दिवशी ड्युटी, पायांना विसावा नाही. तरी तिचे मन पुन्हा पुन्हा तिथेच जाई. केतकीला न्युमोनिया झाला होता तेव्हा वॉर्डात एक सिस्टर होत्या, त्यांच्याविषयी ती देवीविषयी बोलावे तसे बोलत असे. खालच्या मजल्यावर कोणाचा हात भाजला, कोणाच्या पोराने नाकात वाटाणा घातला, की हाक सुनंदालाच.

भाजीवाल्यालादेखील तिने विचारले. तो तराजू धरून म्हणाला, ‘भाभी, मास्टरनी बन जाओ. बच्चे डरेंगे, मियां भी डरेंगे.’ ती हसत वर आली आणि मला सांगू लागली. केतकी उड्या मारत होती, ‘आई मॅम बनेगी! आई मॅम बनेगी!’ — आमच्या घरातली मुले अशीच बोलतात, अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. सुनंदाने तिला जवळ ओढले आणि म्हणाली, ‘नाही गं. मला वाटतं आई सिस्टर बनेगी.’

म्हणजे तिचे ठरले होते. आणि मग, मेथी निवडत बसली असताना, तिने मला विचारले —

‘अहो, तुम्हाला नियम ठाऊक असतात. नर्सिंगला वयाचं काही आहे का?’

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. आणि त्या आवाजात — कचेरीच्या आवाजात — म्हणालो, ‘निर्धारित आयु सीमा से अधिक आयु होने के कारण आवेदिका अपात्र.’

हिंदीत म्हणालो. घरात आम्ही मराठी बोलतो. सरकार आमच्याशी हिंदीत बोलते. सुनंदाला हे पक्के माहीत होते. ते वाक्य मी रचले आहे असे तिला वाटण्याचे काही कारणच नव्हते. ते कुठूनतरी आलेले, छापलेले, शिक्क्याचे वाक्य होते. मी आयुष्यात पुष्कळ मसुदे केले, पण इतका नेटका, एकाही शब्दाची दुरुस्ती न लागणारा मसुदा दुसरा नसेल.

तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मग ती म्हणाली, ‘बरं. मग सोपंच झालं.’ आणि हसली. ‘सगळ्या गल्लीला विचारत बसले मी, आधी घरातल्या वकीलसाहेबांना विचारायचं सुचलं नाही.’

ते खोटे होते. सुनंदाचे वय निघून गेलेले नव्हते. चुकून सांगितले, ऐकीव होते, घाईत बोलून गेलो — असे मी म्हणणार नाही. त्याच हंगामात पडाव नावाच्या चौकात टेम्पो चालवणाऱ्या एका माणसाच्या बायकोचा नर्सिंगच्या प्रवेशासाठी अर्ज मीच लिहिला होता. तिच्या जन्मतारखेत घोळ होता, म्हणून वयाचा नियम मी बारकाईने पाहिला होता. ती बाई सुनंदापेक्षा मोठी होती, आणि पात्र होती. मला नियम पाठ होता. पाठ असूनच मी तो उलटा सांगितला.

तुम्ही विचाराल, सुनंदाने दुसरीकडे चौकशी का केली नाही? तुमच्या घरात घड्याळजी असेल, तर तुम्ही वेळ विचारायला शेजारी जाल का?

थंडी पडल्यावर ती टेम्पोवाल्याची बायको गजकाचा, म्हणजे इकडच्या तीळगुळाच्या वड्यांचा, डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिला प्रवेश मिळाला होता. तो डबा मी घरी नेला. — हेही लपवीत नाही. सुनंदाने झाकण उघडून विचारले, ‘एवढं कोण खूश झालं?’ मी म्हणालो, ‘एक आवेदिका. प्रवेशाचं काम होतं.’ ‘पोरीच्या?’ मी म्हणालो, ‘हो.’ तिने एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, ‘छान खुसखुशीत आहे.’ त्या दिवशी सांगता आले असते. अजून सारे उलटे फिरवता आले असते. मीही एक वडी खाल्ली.

का केले? — इथे येऊन मी अनेकदा अडखळलो आहे. वर्षानुवर्षे मी स्वतःला काही कारणे देत आलो. पोर लहान आहे. रात्री-बेरात्री बाई एकटी कशी येणार-जाणार? परक्या पुरुषांचे अंग पुसणे आपल्या घराण्यात शोभते का? ही सगळी कारणे अशी आहेत, की मी ती चारचौघांत मांडली असती तर निम्म्या माना हलल्या असत्या. मग मी ती मांडली का नाहीत? ‘मला पसंत नाही’ असे नवरा म्हणून सरळ का म्हणालो नाही? भांडण झाले असते, आणि कदाचित मी जिंकलोही असतो. खोटा नियम का लागला?

कारण खरे कारण वेगळे होते. ते आता लिहितो.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी डबा घरी विसरलो होतो आणि सुनंदा तो घेऊन कचेरीत आली होती. ग्वाल्हेरचा उन्हाळा तुम्ही पाहिला नसेल तर सांगून कळणार नाही. मी एका पक्षकाराला अर्ज वाचून दाखवीत होतो. मध्येच अक्षरे हलू लागली. पुढचे मला आठवत नाही; मी खुर्चीवरून खाली पडलो, ओकलो, आणि — लिहितोच — माझे कपडे ओले झाले. माझ्या टेबलाभोवती जेवढी माणसे रोज हात जोडून उभी असतात, तेवढीच त्या दिवशी गोल करून उभी होती.

तेवढ्यात सुनंदा पोहोचली. तिची हिंदी तेव्हा तोडकीमोडकी होती. पण तिचा आवाज मी शुद्धीवर येता येता ऐकला — ‘हटो सब! तमाशा है क्या? तुम पानी लाओ. बर्फवाला नहीं, सादा! और तुम — छत्री पकडो!’ छत्री धरायला तिने ज्यांना सांगितले ते आमच्याकडचे सर्वांत ज्येष्ठ वकील होते. त्यांनी निमूट धरली. तिने मला कुशीवर वळवले, तोंडात बोट घालून घाण काढली, शर्टाची बटणे सोडली, आणि आपल्या ओढणीने माझे कमरेखालचे अंग झाकले.

मी डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा माझ्या अगदी वर होता. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. माया नव्हती, लाजही नव्हती. ती माझी नाडी धरून माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, जशी मी लोकांच्या कागदांकडे पाहतो — नाव कोणाचे आहे याच्याशी देणेघेणे नाही, कुठे काय बिघडले आहे तेवढे शोधायचे. त्या नजरेत मी तिचा नवरा नव्हतो, वकीलसाहब नव्हतो, कोणीच नव्हतो. दुरुस्तीला आलेले एक शरीर होतो.

तिने मला वाचवले. ती नजर मी तिला माफ केली नाही.

पुढे कित्येक दिवस कचेरीत बाबू लोक मला ‘कैसे हो’ विचारण्याऐवजी ‘भाभीजी कैसी हैं’ विचारू लागले. ते ज्येष्ठ वकील तर सर्वांदेखत म्हणाले, ‘वकीलसाहब, भाभीजी को नर्स बनाओ. मसौदे का क्या है, मसौदे तो हम किसी से भी लिखवा लेंगे!’ सगळे हसले, मीही हसलो. आणि मनात पक्के झाले. शिक्षिका झाली तर तिचे काम अक्षरांचे, कागदाचे — म्हणजे माझ्या मुलखातले. काही अडले तर ती मला विचारील. नर्स झाली, तर मला काहीच न कळणाऱ्या एका मुलखात ती रोज जाणार, आणि रोज ती नजर घेऊन घरी येणार. मला ते नको होते. बस. हे कारण. रात्रपाळी नव्हे, घराणे नव्हे.

आणि मला हवे होते तसेच झाले. सुनंदाने बाहेरून बी.ए. केले, मग शिक्षिकेचा कोर्स केला. पाठाच्या टाचणांच्या वह्या ती माझ्यापुढे ठेवी, मी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करी, आणि ती म्हणे, ‘तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं!’ ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. तुम्हाला हे ऐकून राग येत असेल. येऊ द्या. खरे आहे म्हणून लिहिले.

ती एका खाजगी शाळेत लागली. ती उत्तम शिकवते; मुले तिला सोडत नाहीत. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही, तुम्हीही तसे धरू नका. शाळेत कोणी पडले, कोणाला ताप भरला, की चालू तासातून तिला बोलावणे येते, आणि मुख्याध्यापकांना ते आवडत नाही, हेही मला ठाऊक आहे.

हे इथेच संपले असते तर मी कदाचित लिहायला बसलोही नसतो. नवरा-बायकोतली गोष्ट म्हणून ती मी छातीशी धरून गेलो असतो, आणि मान खाली घातली नसती. पण खोटा नियम एकदा सांगितला की तो एका माणसापुरता राहत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर शैला राहते. तिशी ओलांडलेली होती आणि मुलगा लहान होता, तेव्हा तिचा नवरा गेला. त्याच्या दुखण्यात सगळे तिने केले — नळी, जखम, इंजेक्शन. तिथल्या सिस्टर तिला म्हणाल्या, तुम्ही हेच शिका. तेरावे झाल्यावर काही दिवसांनी ती वर आली. सुनंदा पोह्यांना फोडणी देत होती. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो, आणि मध्ये फक्त पडदा होता.

शैला म्हणाली, ‘ताई, शाळेत नोकरी म्हणजे आधी बी.ए. आलं, मग पुढचं आलं. मला एवढा दम नाही. नर्सिंगचं बघू का?’

आणि सुनंदाचा आवाज आला. तिने उसासा टाकला, आणि माझे वाक्य, एक काना-मात्रा न बदलता, म्हणून दाखवले — ‘निर्धारित आयु सीमा से अधिक आयु होने के कारण आवेदिका अपात्र. मलाही असंच झालं गं. यांनीच तेव्हा सांगितलं, म्हणून हेलपाटे वाचले.’

माझ्या बायकोने ते पाठ करून ठेवले होते. इतकी वर्षे.

शैलाने पडद्याआडून विचारले, ‘भाऊसाहेब, पक्कं ना हो? नाहीतर मी फॉर्म भरून तर बघते. रिजेक्ट झाला तर झाला.’

आता पाहा. तिने फॉर्म भरला असता, तर तिला प्रवेश मिळाला असता. तिला मिळाला असता, तर सुनंदाला कळले असते. म्हणून शैलाला प्रवेश मिळता कामा नये होता. इतके सरळ आहे ते. मी पडदा सारला, त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिले — कपाळ नुकते मोकळे झाले होते — आणि म्हणालो, ‘पक्कं. उगाच पैसे बुडवू नका. चार माणसांत हसं होईल.’

‘बरं झालं विचारलं,’ ती म्हणाली. तीही.

पाटणकर बाजारात साड्यांचे एक दुकान आहे. शैला तेव्हापासून तिथे उभी असते. दिवसभर घड्या मोडायच्या आणि घालायच्या. संध्याकाळी जिना चढताना ती कठडा धरते, आणि मला पाहिले की कठडा सोडून पदर सावरते व ‘भाऊसाहेब’ म्हणून नमस्कार करते. तिच्या पेन्शनचा अर्ज मी विनामूल्य लिहिला. तो माझ्या खात्यात जमा धरण्याचे कारण नाही.

सुनंदाच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घालू शकतो. घालतोही. ती माझी बायको, माझे घर, माझी लाज — त्यात मी जे केले ते केले, आणि तुम्हाला न्यायाधीश नेमलेले नाही. शैलाच्या बाबतीत माझ्याकडे वाद नाही. ती माझी कोणी नव्हती. तिने मला कोणत्याही नजरेने पाहिलेले नव्हते.

गेल्या महिन्यात आरती नावाची एक बाई माझ्या टेबलाशी आली. खांद्याला मुलाची पाण्याची बाटली लटकत होती. ‘सर, मैम ने भेजा है,’ म्हणाली. तिचा मुलगा सुनंदाच्या वर्गात आहे. घरीच असते, आता काही करावे म्हणते. नर्सिंग की टीचिंग, यात अडकली होती. ‘मैम बोलीं, नर्सिंग की उम्र तो निकल गई होगी, पर एक बार सर से पूछ लो. सर नियम देखकर बोलते हैं.’

वय विचारले. सुनंदा तेव्हा जेवढी होती, त्याहून थोडी मोठी. अजून पात्र.

मी तोंड उघडले. तो आवाज आपणहून आला. मी ‘निर्धारित’ एवढाच शब्द उच्चारला, आणि ती बाई मान डोलावू लागली. ऐकून नव्हे; अजून ऐकण्यासारखे काही झालेच नव्हते. ती माझे ‘नाही’ मी म्हणण्यापूर्वीच घेऊन चालली होती, बाटलीचा पट्टा नीट करून वळायलाही लागली होती.

मला उपरती झाली असे समजू नका. तशी गोष्ट सांगणारे पुष्कळ भेटतील. मला फक्त त्या मानेचा संताप आला. इतकी सहज? कोणी काही विचारायचे नाही? मी टेबलावर हात आपटला आणि घरच्या आवाजात म्हणालो, ‘उम्र है! अभी है! जाओ, फॉर्म भरो!’

ती दचकली. मग तिचा चेहरा असा फुलला, की मला दुसरीकडे पाहावे लागले. तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला — ‘मैम! मैम, सर कह रहे हैं उम्र है! नहीं नहीं, पक्का! गुस्सा होके बोले!’ मग ती पलीकडचे ऐकत राहिली. ‘जी... जी, बत्तीस... जी.’ फोन ठेवून म्हणाली, ‘मैम ने मेरी उम्र पूछी.’

मी रोजच्याच वेळी उठलो आणि रोजच्याच रस्त्याने घरी गेलो. लांबचा रस्ता घेतला नाही, हे नोंदवतो.

सुनंदा ओट्यापाशी पोळ्या करीत होती. माझ्याकडे पाठ होती. ती म्हणाली, ‘आरती माझ्याहून मोठी आहे. म्हणजे, तेव्हाच्या माझ्याहून.’

‘हो.’

पोळी तव्यावर पडली. ‘नियम बदलला का मध्ये?’

बघा — तिने मला दार उघडून दिले होते. नियम बदलतात. रोज बदलतात, माझा धंदाच त्यावर चालतो. एक ‘हो’ पुरेसा होता, आणि तिने तो निमूट घेतला असता. तिला तो हवा होता, असे मला तिच्या पाठीकडे पाहून वाटले.

मी म्हणालो, ‘नाही.’

तव्यावरची पोळी तिने उलटली नाही. पोळी करपल्याचा वास आला. केतकी आतून ओरडली, ‘आई, कुछ जल रहा है!’ सुनंदाने तवा खाली उतरवला. मी मनात उत्तरे तयार करीत होतो, कारण पुढचा प्रश्न ‘का’ असणार हे मला ठाऊक होते. अनेक वर्षे मी त्या प्रश्नाची तयारी केलेली आहे.

तिने ‘का’ विचारले नाही. ती म्हणाली, ‘आणि शैला?’

‘तीही बसत होती.’

तिने गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्याकडे वळून पाहिले. माझा अंदाज होता की मला ती उन्हाळ्यातली नजर दिसेल. नाही दिसली. ती बायकोच माझ्याकडे पाहत होती. ते अधिक वाईट होते.

मग तिने चप्पल घातली आणि जिना उतरून खाली गेली. खालच्या दाराची कडी वाजली. ‘शैला, आहेस का गं? जरा बाहेर ये,’ असे मी ऐकले. पुढे दार लागले.

खाली दोघींत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मी विचारलेले नाही. सुनंदा वर आली, उरलेल्या पोळ्या केल्या, केतकीला वाढले, स्वतःचे ताट घेतले. माझे मी वाढून घेतले, आणि तेव्हापासून रोज घेतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शैला जिन्यात समोर आली. तिने कठडा सोडला नाही, पदर सावरला नाही. मी एका बाजूला सरून भिंतीला लागून उभा राहिलो, आणि ती माझ्या अंगावरून, एकेक पायरी टेकत, वर आमच्या घरी गेली.